जोड नसलेली गाडी

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. आमचे हे म्हणतात, तुला हॉर्न लागतोच कशाला, काच खाली कर आणि बोल. मी मोटारी वाहून नेते. बंद पडलेल्या, ठोकलेल्या, कधीमधी नव्याकोऱ्यासुद्धा. छोट्या ट्रकच्या सपाट पाठीवर एक मोटार चढवायची, पट्ट्यांनी चारही चाकं आवळायची आणि मालकाच्या दारात नेऊन उतरवायची. यांना गाडीत बसलं की गरगरतं, म्हणून फोन हे घेतात आणि स्टिअरिंग माझ्याकडे. बाईमाणसानं कशाला असली कामं करावीत, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांचीच गाडी भर चौकात बंद पडली की मग ताई, जरा लवकर या हं.

माझ्या जुन्या ट्रकनं मान टाकली तेव्हाची ही गोष्ट. इंजिन पार गेलं होतं. दुरुस्त करायचं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि नेमकं त्याच वेळी मोठ्या रस्त्यावरच्या नव्या शोरूमनं मला बोलावलं. त्यांना गोदामातून शोरूममध्ये आणि शोरूममधून गिऱ्हाइकाच्या घरी गाड्या पोचवणारं कुणीतरी हवं होतं. रोजचं काम. रस्त्याकडेला भिजत उभं राहणं नाही, शिव्या देणारे मालक नाहीत, आज फोन येईल का म्हणून यांच्या तोंडाकडे बघणं नाही. अडचण एकच होती. त्यांच्या गाड्या सगळ्या बसक्या, पोट जमिनीला टेकेल अशा. उंच पाठीच्या ट्रकवर चढवायला गेलं की त्यांचं नाक घासतं. मॅनेजर म्हणाला, बुटका ट्रक आणा, एक गाडी चढवून उतरवून दाखवा, काम तुमचं. मी घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, आता निदान जेवताना तरी फोन वाजणार नाही. त्या रात्री मला हसू आवरेना.

नवा ट्रक घ्यायची आमची ऐपत नाही. वापरलेला घ्यायचा, तर तो पारखायला माझ्याकडे माझा भाऊ होता.

धाकटा भाऊ माझा. मी त्याला चिमण्या म्हणते, अंगानं आता चांगला बैल झालाय तरी. बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप तोच चालवतो. बाबा दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसतात, कुबडी भिंतीला टेकवून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चिमण्याच्या कामाचं कौतुक ऐकवतात. बाबांचा एक पाय गुडघ्यापासून नाही. वर्कशॉप टाकायच्या आधी तेही माझंच काम करायचे, मोटारी वाहायचे. त्यांच्या वापरलेल्या ट्रकची चेसी, म्हणजे ज्याच्यावर अख्खी गाडी उभी असते ती लोखंडी चौकट, कुणीतरी केबिनच्या मागं कापून, लांबवून जोडलेली होती. वरून रंग. बाबा चढावर मागं उभे राहून पट्टा आवळत होते आणि जोड सुटला. पाठीवरच्या मोटारीसकट सगळं त्यांच्या पायावर आलं. मी तेव्हा लहान होते, चिमण्या त्याहून लहान. आमच्या घरात जोड हा शब्द अजूनही कुणी सहज उच्चारत नाही.

बाबांनी त्यानंतर आम्हाला एक नियम घालून दिला. गाडी घेताना एकानं जे बघितलं ते दुसऱ्यानं बघायचं नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण बाबा म्हणायचे, दोघांनी बघायचं ठरलं की दोघंही अर्धवट बघतात. त्याला वाटतं ती बघेल, तिला वाटतं तो बघेल, आणि सगळं तसंच राहतं. त्यांच्या ट्रकच्या वेळी हेच झालं होतं. तेव्हा आमची वाटणी ठरलेली. इंजिन, क्लच, ब्रेक, गाडी चालवून बघणं माझं. गाडीच्या खालचं सगळं चिमण्याचं. तो खालून बाहेर आला आणि हो म्हणाला की हो, नाही म्हणाला की नाही. घरच्या माणसानं हात लावलेल्या गाडीखाली पुन्हा वाकून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. आम्ही ते आयुष्यात कधी केलं नाही.

पहिला ट्रक बघितला तो इतका गंजलेला की दाराला हात लावला तर दार हातात आलं असतं. विकणारा म्हणतो, ताई, नुसता रंगाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, दादा, रंग लावायला खाली काहीतरी लागतं.

दुसरा ट्रक टोपीवाल्या काकांचा. काका स्वतः मोटारी वाहायचे, आता गुडघे गेले म्हणून विकत होते. घरामागच्या अंगणात ट्रक उभा, भोवती आणखी दोनतीन गिऱ्हाइकं घुटमळत होती. पाठ इतकी खाली की मी तिच्यावर सहज बसले. इंजिन सुरू केलं तर कुरकुर नाही, धूर नाही. ड्रायव्हरच्या दाराची काच खालीवर करायची मूठ तुटली होती, तिथं काकांनी कपाटाच्या खणाची लाकडी मूठ बसवली होती, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मी ती फिरवली, काच खाली घेतली आणि एक चक्कर मारून आले. परत येईपर्यंत मी मनात शोरूमच्या निम्म्या गाड्या पोचवूनही टाकल्या होत्या.

चिमण्या गोणपाट अंथरून खाली शिरला. टॉर्च आणि हातोडी घेऊन. ठक ठक ऐकू येत होतं. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा मान खाली, हात पुसतोय तो पुसतोच आहे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,

"ताई, जोड आहे. केबिनच्या मागं. बाबांच्या गाडीला होता तिथंच."

माझ्या डोळ्यांपुढे बाबांची खुर्ची आली. पुढचं मला फारसं आठवत नाही, पण तिथं असलेल्या सगळ्यांना आठवत असेल. मी त्या म्हाताऱ्या माणसाला नाही नाही ते बोलले. पांढऱ्या केसांची तरी लाज बाळगा म्हटलं, माणसं मारायला निघालात का म्हटलं, ज्याच्या पायावर ही गाडी पडेल त्याच्या घरी जाऊन भाकरी घालणार आहात का, असंही विचारलं. काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बाई, मी ही गाडी पहिल्यापासून चालवली. जोड नाही. तुम्ही स्वतः वाकून बघा."

"माझ्या भावानं बघितलंय," मी म्हणाले. "तेवढं पुरे."

घुटमळणारी गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली होती. चिमण्यानं माझा दंड धरून मला गाडीत बसवलं.

मग तिसरा ट्रक घेतला. चिमण्यानंच शोधून दिला. धड होता, पण पाठ उंच. तो म्हणाला, ताई, गाडी चढवायला मी लांब उतरते पाट करून देतो, काम भागेल. खरंच चारपाच दिवस राबून त्यानं करून दिले, एक दमडी घेतली नाही. मला भरून आलं. असा भाऊ सगळ्यांना मिळो म्हटलं. बाबांनी तर ही गोष्ट दाराशी थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. माझ्यासमोरच कितीदा ऐकली असेल: पोरगी हुरळली होती, पण पोरानं वाचवली. हे सांगताना ते कुबडीवर हात ठेवायचे.

शोरूमची परीक्षा झाली. पाट लांब होते, तरी शेवटच्या वितीला ती बसकी गाडी पुढून घासली. कर्र असा आवाज आला आणि मला कळलं की संपलं. मॅनेजर भला माणूस, भरपाई मागितली नाही. फक्त म्हणाला, ताई, आम्ही बघतो दुसरं कुणी. मी घरी आले आणि यांना काही सांगायच्या आधीच यांनी चहा पुढे ठेवला. मी मनाची समजूत घातली. काम गेलं, पण जीव तर आहे. त्या जोडाच्या गाडीवर बसले असते तर?

त्या गडबडीत माझे पट्टे शोरूमच्या आवारात राहिले होते. लाजेपोटी आणायला जात नव्हते. शेवटी एक दिवस गेले. आवारात एक बुटका ट्रक उभा होता, नवा निळा रंग, पाठीवर तीच बसकी गाडी, अशी अलगद चढलेली की जणू गादीवर निजवलीय. मी म्हटलं, कोण आहे हा नशीबवान. जवळ गेले. दाराची काच खाली होती आणि आत लाकडी मूठ होती. कपाटाच्या खणाची. गुळगुळीत.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की धाव, ड्रायव्हरला सांग, बाबा रे, जोड आहे, मागं उभा राहू नकोस. मी हाक मारणार इतक्यात ट्रकच्या पलीकडून पट्टा गुंडाळत भावजयीचा भाऊ आला. चिमण्याचा मेहुणा. कारखान्यातली नोकरी गेल्यापासून बहिणीच्या घरी राहत होता, चिमण्याकडे. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ताई, बघितली का गाडी? तुम्हाला पसंत पडली नाही म्हणाले दाजी. म्हटलं बरंच झालं माझं. दाजी म्हणाले, लोक काहीबाही बोलतात, तू डोळे मिटून घे, चेसी अखंड आहे, कुठं जोड नाही."

तो हे इतक्या सरळपणे बोलला की त्याला काही ठाऊक नव्हतं हे उघड होतं. माझ्यासारखी बाई गप्प राहिली म्हणून तोच जरा बावरला. त्याला म्हटलं, जरा किल्ली काढून ठेव, मला खाली बघायचंय. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भावानं बघितलेल्या गाडीखाली शिरले. केबिनच्या मागं, जिथं तो म्हणाला होता तिथं, मी बोटानं चिखल खरवडला, मग नखानं रंग. लोखंड एकसारखं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाका नाही, गाठ नाही, काही नाही. मी दोन्ही बाजू बघितल्या. मग तशीच उताणी पडून राहिले, कारण उठावंसं वाटेना. वर तो मेहुणा विचारत होता, ताई, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे रे. गाडी चांगली आहे.

तिथून मी सरळ टोपीवाल्या काकांकडे गेले. कसं तोंड दाखवावं कळत नव्हतं, पण गेले. ते अंगणात झाडाला पाणी घालत होते. मी म्हटलं, काका, मी वाट्टेल ते बोलले, चुकलं माझं, गाडीला जोड नव्हता. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, बहीणभावानं घरूनच ठरवून आलात. तुम्ही आरडाओरडा केला आणि गिऱ्हाइकं पळाली. गावभर झालं की गाडी जोडाची आहे. दुसऱ्या दिवशी तुमचा भाऊ आला आणि पडेल भावात घेऊन गेला. दुसरं कुणी घेईना, मी तरी काय करणार?"

हे ऐकून मी तिथंच पायरीवर बसले. चिमण्या खोटं बोलला, इथपर्यंत मी कसंबसं गिळलं होतं. पण त्याला माझा राग पाठ आहे. कुठला शब्द कानात टाकला की मी कशी पेटते, हे लहानपणापासून बघत आलाय तो. त्यानं फक्त तो एक शब्द टाकला आणि बाजूला उभा राहिला. बाकीचं सगळं माझ्या तोंडानं केलं. म्हाताऱ्याचा अपमान मी केला. गिऱ्हाइकं मी हाकलली. माझ्या हातातलं काम काढून घ्यायला त्यानं मलाच राबवलं, आणि वर मी त्याच्या नावानं डोळे पुसले. काकांनी पाणी आणून दिलं. त्यांनी ते द्यावं याचीच मला जास्त लाज वाटली.

वर्कशॉपवर पोचले तेव्हा बाबा दाराशी पेंगत होते. चिमण्या आत मागं होता, कुठल्याशा फाटकाला पट्ट्या लावत. माझ्या पाठीचा चिखल बघितला आणि त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. त्याला कळलं. विचारलंसुद्धा नाही कुठून आलीस.

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं ओरडेन, पण आवाजच वर येईना. त्यानं जे सांगायचं ते सांगितलं. मेहुणा घरात बसून होता, बायको रोज डोळे पुसत होती, घरात घास गोड लागत नव्हता. तुझं काय गं, तुझं कसंही चालतं, तू खमकी आहेस, त्याचं काहीच नव्हतं. आणि मी तुला वाईट गाडी दिली का सांग, तुझी चेसीसुद्धा मी तीनदा तपासलीय.

"मागितली असतीस तर?" मी म्हणाले. "दोन दिवस भांडले असते तुझ्याशी. आणि दिली असती."

तो फाटकाच्या पट्ट्या उगाच सारख्या करायला लागला.

"दुसरं काहीही सांगायचं होतंस. इंजिन खोटं आहे म्हणायचं. चोरीची आहे म्हणायचं. बाबांचा पाय कशाला काढलास मधे?"

तो खाली बघत म्हणाला, "दुसरं काही सांगितलं असतं तर तू स्वतः बघितलं असतंस."

खरं होतं ते. त्यानं पूर्ण विचार करून केलं होतं. मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही, नुसतं गार पडल्यासारखं झालं. घरात एक जागा होती जिथं मी डोळे मिटून पाय टाकायचे, ती आता नव्हती.

मग तो माझ्या जवळ आला आणि अगदी लहानपणी काच फुटली की बोलायचा त्या आवाजात म्हणाला, ताई, बाबांना सांगू नकोस. मी दाराकडे बघितलं. बाबा जागे झाले होते आणि कुणाशी तरी बोलायला रस्त्यावर माणूस शोधत होते. मी म्हटलं, नाही सांगणार. आणि मी शब्दाची पक्की आहे, हे तोही जाणतो. त्याच्या जिवात जीव आला. लगेच नेहमीसारखा झाला. म्हणाला, आलीच आहेस तर तुझ्या गाडीचा मागचा हुक हलतोय, तो पक्का करून देतो.

मी नको म्हटलं नाही. त्यानं गोणपाट घेतलं, माझ्या ट्रकखाली शिरला, ठिणग्या उडाल्या, हातोडीचे दोन ठोके वाजले. बाबा कुबडी टेकत टेकत बघायला आले. मला म्हणाले, पाठीला काय लागलंय गं, कुठं लोळत होतीस? मी म्हटलं, काही नाही, चिखल आहे. ते हसले. मग कुणी नवा माणूस नव्हता म्हणून मलाच सांगायला लागले, की त्या दिवशी हा नसता तर तुझं काय झालं असतं. चिमण्या बाहेर आला. हात पुसले.

"झालं, ताई. जा आता."

"जा गं निर्धास्त," बाबा म्हणाले. "त्यानं बघितलंय."

मी किल्ली काढली आणि दाराचं हँडलही धरलं. पण बसवेना. ज्या गाडीखालून माझा भाऊ आत्ताच बाहेर आला होता, ती मला तशीच चालवता येईना. मी परत मागं गेले. त्यानं टाकलेलं गोणपाट उचललं, झटकलं, त्या दोघांच्या देखत अंथरलं आणि खाली शिरले.

हुक पक्का बसला होता. जोडकाम सुरेख होतं, बाबांच्या हातचं शोभेल असं. मी हातोडी मागितली नाही, हातानंच ओढून बघितला, एकदा, दोनदा. चाकांच्या मधून मला बाबांची कुबडी दिसत होती, तिच्या शेजारी त्यांचा एक बूट, आणि जरा पलीकडे चिमण्याच्या चपला. मी बाबांना शब्दानं काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते.

बराच वेळ गेला. मग कुबडीचं टोक माझ्याकडून वळलं आणि चिमण्याकडे झालं.

"काय केलंस रे तू तिला?" बाबांनी विचारलं.

मी खालीच थांबले. चिमण्याच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.